शाकाहारी आयरिश स्टू: मटण वगळल्यावर त्याची कामं कोणी करायची?

आयर्लंडचा जुना स्टू चार गोष्टींत होतो: मटण, बटाटे, कांदे आणि पाणी. मेंढी पाळायची ती लोकरीसाठी आणि दुधासाठी. ती म्हातारी झाली की तिचं चिवट मटण विस्तवावर टांगलेल्या लोखंडी भांड्यात तासन्‌तास शिजत ठेवायचं. त्यात गाजर घालावं की नाही यावर तिथे आजही दोन तट आहेत. जुन्या वळणाचे लोक गाजरालाही नाही म्हणतात.

या यादीतून मटण काढलं तर उरतात बटाटे, कांदे आणि पाणी, म्हणजे पांचट रस्सा. घरोघरचे शाकाहारी स्टू इथेच फसतात. मटणाची जागा भरायला भाज्या वाढवल्या जातात आणि शेवटी हाती येतं ते उकडलेल्या भाज्यांचं सूप. मटण या पदार्थात तीन कामं करत असतं. हाडांतून आणि सांध्यांतून उतरणाऱ्या जिलेटिनमुळे रस्सा दाट होतो आणि ओठांना किंचित चिकटतो. चरबीमुळे वास आणि चव जिभेवर रेंगाळते. आणि मांसात असलेल्या ग्लुटामेटसारख्या घटकांमुळे ती पोटभर, खोल चव येते. शाकाहारी स्टूत ही तिन्ही कामं वाटून द्यावी लागतात. दाटपणा बार्ली आणि विरघळणारा बटाटा देतात, स्निग्धपणा बटर देतं, आणि खोल चव खरपूस मशरूम, सावकाश परतलेला कांदा आणि थोडा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (यीस्टपासून काढलेला दाट, खारट अर्क) यांतून येते. खालची प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी एका कामासाठी आहे, त्यामुळे एखादी गाळायची असेल तर तिचं काम कोण करणार ते आधी ठरवा.

केरळचा नारळाच्या दुधातला इश्टू हा नावाने याचा भाऊबंद असला तरी चवीने अगदी वेगळा आहे. इथे आलं, हळद, मिरची, गरम मसाला यांपैकी काहीही घालायचं नाही. तिखटपणा मिऱ्याचा आणि वास थाईमचा, एवढंच.

साहित्य (पाच जणांना पोटभर)

- बटाटे ९०० ग्रॅम: त्यातले साधारण ३५० ग्रॅम पिठूळ, ५५० ग्रॅम घट्ट राहणारे
- कांदे ३ मध्यम (३५० ग्रॅम)
- लीक १ (१५० ग्रॅम); न मिळाल्यास आणखी एक कांदा आणि पातीच्या कांद्याची मूठभर पात
- गाजर ३०० ग्रॅम
- पार्सनिप (पांढरट गाजरासारखं कंदमूळ), पिवळा स्वीड किंवा सलगम २०० ग्रॅम
- सेलरीचे २ दांडे
- बटन मशरूम ३०० ग्रॅम
- पर्ल बार्ली ८० ग्रॅम (साधारण अर्धी वाटी)
- लसूण ४ पाकळ्या
- टोमॅटो पेस्ट १ टेबलस्पून
- बटर ४० ग्रॅम, तेल २ टेबलस्पून
- भाज्यांचा स्टॉक १.४ लिटर (स्टाउट, म्हणजे काळसर, कडवट बिअर, घालणार असाल तर स्टॉक १.२ लिटर आणि स्टाउट २५० मिली)
- सोया सॉस १ टेबलस्पून, मार्माइट किंवा तसा कुठलाही यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टीस्पून
- थाईमच्या ४-५ काड्या किंवा पाऊण टीस्पून सुका थाईम
- पाश्चात्त्य तेजपान २
- पार्सली मूठभर
- मीठ, ताजी कुटलेली मिरी, शेवटी घालायला अर्धा टीस्पून व्हिनेगर

भांडं पाच-सहा लिटरचं, जाड बुडाचं हवं. पातळ स्टीलच्या पातेल्यात बार्ली तळाला बसते आणि लागते, आणि लागलेल्या बार्लीचा वास मग सगळ्या स्टूला येतो, तो कशानेही जात नाही. मुलामा दिलेलं बीडाचं भांडं सर्वात चांगलं. मुलामा नसलेलं लोखंड टाळा, कारण टोमॅटो आणि स्टाउट दोन्ही आंबट असल्याने रश्श्याला लोखंडाची चव उतरते.

बटाटा: सगळं यावर अवलंबून

आयरिश भाषेत बटाट्याला ‘प्राता’ म्हणतात. आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेला ‘बटाटा’ आणि हा ‘प्राता’ दोन्ही शब्द मागे नेले तर कॅरिबियन बेटांवरच्या एकाच शब्दाला जाऊन भिडतात. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गरिबांचं जवळजवळ सगळं जेवण या एका पिकावर उभं होतं. १८४५ मध्ये त्यावर करपा पडला आणि १८५२ पर्यंत चाललेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. बटाट्याच्या जातीबद्दल तिथली माणसं इतकी काटेकोर असतात ती उगाच नाही. उकडल्यावर साल फुटून आतून कोरडा, भुसभुशीत निघणारा बटाटा त्यांना प्रिय. अशा बटाट्यांना ते ‘पिठाचे गोळे’ म्हणतात, आणि ती शाबासकी असते.

स्टूला दोन्ही स्वभावांचे बटाटे लागतात. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त असतो. शिजताना त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि तो रश्श्यात मिसळून जातो. घट्ट बटाट्यात स्टार्च कमी, पाणी जास्त, त्यामुळे त्याची फोड अखंड राहते. नुसते पिठूळ घेतले तर तासाभराने लापशी होते. नुसते घट्ट घेतले तर फोडी सुंदर दिसतात पण रस्सा पाण्यासारखा राहतो, आणि मग लोक मैदा किंवा कॉर्नफ्लोअर कालवून घालतात. त्याने रस्सा दाट होतो खरा, पण बुळबुळीत आणि पिठाळ लागतो. बार्ली आणि पिठूळ बटाटा असेल तर मैद्याची गरज पडत नाही.

आयर्लंडमध्ये किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं काम सोपं आहे. रूस्टर, कर्स पिंक, गोल्डन वंडर हे पिठूळ, आणि सॅलडचे बटाटे म्हणून मिळणारे छोटे घट्ट. महाराष्ट्रातल्या बाजारात जातीचं नाव सहसा लिहिलेलं नसतं. तिथे दोन खुणा उपयोगी पडतात. अंगठ्याने घासून साल निघणारा नवा बटाटा बहुधा घट्ट राहतो. जाड, खरखरीत सालीचा जुना बटाटा त्यामानाने पिठूळ असतो. कुफ्री चिपसोना ही वेफर्ससाठी काढलेली जात मिळाली तर ती पिठूळ भागासाठी उत्तम.

खात्री करायची असेल तर मिठाच्या पाण्याची चाचणी घ्या. साडेपाच वाट्या पाण्यात अर्धी वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर घट्ट. स्टार्च जास्त असलेला बटाटा वजनाला जड असतो, म्हणून हे जमतं. एकाच ढिगातले बटाटेही यात वेगवेगळे निघतात, त्यामुळे वेगळ्या जातीचे बटाटे शोधत फिरावं लागत नाही.

शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा चवीला गोड लागतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा स्टूत नको. आठ-दहा दिवस घरातल्या साध्या तापमानाला, अंधारात ठेवला की गोडी बरीच कमी होते. फ्रिजमध्ये बटाटे ठेवू नयेत ते याच कारणासाठी.

बाकीच्या भाज्यांबद्दल थोडं

आयर्लंडमध्ये ‘टर्निप’ म्हटलं की बहुतेकदा पिवळ्या गराचा मोठा स्वीड समोर येतो. आपल्याकडचा पांढरा सलगम त्यापेक्षा पाणीदार आणि किंचित कडसर असतो. तो वापरताना साल जाडसर काढा आणि फोडी पाच मिनिटं मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्या. नवलकोलही चालतो. मुळा नको, त्याचा वास स्टूवर स्वार होतो.

गाजर केशरी घ्या. थंडीतलं लाल गाजर हलव्याला अप्रतिम, पण इथे ते रंग सोडतं, लवकर मऊ पडतं आणि स्टू गोड करतं.

लीकच्या पानांच्या थरांत माती अडकलेली असते. उभं चिरून, थर मोकळे करून वाहत्या पाण्याखाली धुवा. पांढरा आणि फिकट हिरवा भाग स्टूत जातो, गडद हिरवा भाग स्टॉकमध्ये.

तेजपानाच्या बाबतीत सर्रास चूक होते. पाश्चात्त्य स्वयंपाकातलं तेजपान वेगळ्या झाडाचं असतं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याला दालचिनीसारखा वास येतो. पानावर देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा दिसल्या तर ते आपलं तमालपत्र, मधोमध एकच शीर असेल तर ते पाश्चात्त्य तेजपान. पाश्चात्त्य मिळालं नाही तर काहीच न घालणं बरं, नाहीतर स्टूला पुलावाचा वास येतो.

थाईम मिळाला नाही तर मात्र घरातच एक नातेवाईक आहे. थाईमचा मुख्य वास थायमॉलचा, आणि ओव्यातही तेच थायमॉल असतं. पण ओव्यात ते फार तीव्र असतं, म्हणून अगदी पाव टीस्पूनहून कमी ओवा हातावर चोळून बटरमध्ये कांद्याबरोबर घाला. त्याहून जास्त झाला तर स्टूला भजीचा वास लागेल.

स्टॉक

बाजारातल्या क्यूबने काम भागतं, पण क्यूब खारट असतात. १.४ लिटर पाण्याला पाकिटावर सांगितल्याच्या निम्मेच घाला आणि मीठ अगदी शेवटी बघा. घरी करायचा असेल तर एक कांदा आडवा कापून त्याची कापलेली बाजू कोरड्या तव्यावर जवळजवळ काळी होईपर्यंत भाजा. १५ ग्रॅम सुके शिताके मशरूम, भाजलेला कांदा, एक गाजर, लीकचा हिरवा भाग, सेलरीची पानं, पार्सलीच्या काड्या आणि आठ-दहा मिरीदाणे १.७ लिटर पाण्यात घालून मंद आचेवर ४० मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. चाळीसच मिनिटं. मटणाचा स्टॉक तासन्‌तास उकळला तरी चालतो, भाज्यांचा मात्र जास्त उकळला की कडू आणि निस्तेज होतो. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांचे देठ यात टाकू नका, त्यांच्यातल्या गंधकाचा वास येतो. बटाट्याच्या साली घातल्या तर स्टॉक गढूळ होतो आणि मातकट लागतो.

सुके शिताके जमले तर सोडू नका. त्यांच्यातल्या ग्वानिलेट नावाच्या घटकामुळे इतर भाज्यांतल्या ग्लुटामेटची चव कितीतरी पटींनी वाढून लागते. मटणाची उणीव भरून काढायला ही सर्वात स्वस्त युक्ती आहे.

कृती

मशरूमपासून सुरुवात करा. धुवायचे असतील तर पटकन धुऊन लगेच पुसून घ्या, मोठे असतील तर चार-चार तुकडे करा. भांडं चांगलं तापवा, एक टेबलस्पून तेल घाला आणि निम्मे मशरूम एका थरात पसरा. पहिली तीन मिनिटं हलवू नका आणि मीठ घालू नका. मीठ पडलं किंवा गर्दी झाली की मशरूम पाणी सोडतात आणि परतले न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. सात-आठ मिनिटांत दोन्ही बाजू गडद तपकिरी होतात. बाहेर काढून दुसरा घाणा करा. तळाला चिकटलेला तपकिरी थर खरवडून टाकू नका, तो पुढे रश्श्यात उतरणार आहे.

त्याच भांड्यात ३० ग्रॅम बटर घालून मध्यम-मंद आचेवर जाडसर चिरलेला कांदा, लीक, सेलरी आणि चिमूटभर मीठ घाला. इथे मीठ हवंच, कांद्याचं पाणी सुटून तो न करपता मऊ होतो. बारा ते पंधरा मिनिटं द्या. कांदा पारदर्शक होऊन कडा सोनेरी व्हायला लागल्या की पुरे. बिर्याणीसारखा तळलेला लाल कांदा नको, त्याची गोडी आणि कडसरपणा थाईमला झाकतो.

चिरलेला लसूण घालून एक मिनिट, मग टोमॅटो पेस्ट घालून दोन मिनिटं परता. पेस्ट विटकरी रंगाची व्हायला हवी. कच्ची राहिली तर स्टू आंबट आणि टोमॅटो सूपसारखा लागतो.

स्टाउट वापरणार असाल तर तो आत्ता ओता, तळ खरवडून घ्या आणि तो निम्मा होईपर्यंत पाच-सहा मिनिटं खळखळून उकळा. न आटवता पुढे गेलात तर कडूपणा शेवटपर्यंत टोचत राहतो. स्टाउट नको असेल तर थोडा स्टॉक घालून तळ सोडवा. भाजलेल्या बार्लीचा कडसर खमंगपणा हवा असेल तर अर्धा टीस्पून इन्स्टंट कॉफी आणि सुपारीएवढा गूळ घाला. खरं तर जुन्या आयरिश स्टूत स्टाउट नसतोच, तो गोमांसाच्या स्टूतला. पण मटण नसताना ही भाजकी चव उपयोगी पडते.

आता धुतलेली बार्ली, उरलेला स्टॉक, थाईम, तेजपान, सोया सॉस, मार्माइट आणि एक टीस्पून मीठ घाला. पिठूळ बटाटे सोलून, अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून याच वेळी टाका. उकळी आली की आच मंद करा, झाकण थोडं तिरकं ठेवा आणि वीस मिनिटं शिजवा. दर पाच-सात मिनिटांनी तळापासून ढवळा. बार्ली पहिल्या वीस मिनिटांत तळाला बसते, लागण्याचा धोका याच वेळेत सर्वात जास्त.

गाजर आणि पार्सनिप किंवा सलगम यांच्या तीन सेंटिमीटरच्या फोडी घाला. पार्सनिप जून असेल तर मधला दांड्यासारखा भाग काढून टाका. दहा मिनिटांनी घट्ट बटाट्यांच्या चार सेंटिमीटरच्या फोडी घाला. प्रत्येक वेळी गार भाज्या पडल्या की आच वाढवून पुन्हा उकळी आणा आणि मगच मंद करा. हे महत्त्वाचं आहे. बटाटा आणि गाजर ५५ ते ६५ अंशांच्या आसपास बराच वेळ राहिले तर त्यांच्या पेशी एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन आणखी घट्ट होतं, आणि मग कितीही शिजवा, आतून कचकचीत राहतात. स्लो कुकरमध्ये आठ तासांनीही गाजर कडक निघतं त्यामागे बहुधा हेच कारण असतं. तिथे स्टॉक उकळता घाला आणि मोठ्या आचेच्या खुणेवर सुरुवात करा.

घट्ट बटाटे घातल्यापासून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटची दहा मिनिटं उरली की मशरूम परत घाला. सुरीचं टोक बटाट्यात सहज गेलं, बार्लीचा दाणा फुगून मऊ पण चावायला थोडा राहिला आणि पिठूळ चकत्यांच्या कडा विरघळल्या की गॅस बंद करा. दाटपणा कमी वाटला तर पळीने चकत्यांचे दोन-चार तुकडे भांड्याच्या कडेवर चेपा. थाईमच्या काड्या आणि तेजपान काढा. उरलेलं १० ग्रॅम बटर, मिरी आणि व्हिनेगर घालून झाकून वीस मिनिटं ठेवा.

व्हिनेगर शेवटीच, कारण आंबट पाण्यात बटाटा मऊ व्हायला खूप वेळ घेतो. पण ते वगळू नका. बार्ली, बटाटा आणि बटर एकत्र आले की चव जड होते, अर्धा टीस्पून आंबटाने ती उठून येते. चिरलेली पार्सली वाढताना घाला.

कुकरमध्ये करायचं असेल तर

सगळं एकदम घालून शिट्ट्या करू नका. बार्ली शिजेपर्यंत बटाट्याचा लगदा होतो. फक्त बार्ली कुकरला लावा: तासभर भिजवून, तिप्पट पाणी आणि एक टीस्पून तेल घालून तीन शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं. बार्ली फेसाळते आणि शिट्टीची वाट बुजवू शकते, म्हणून तेल घालायचं आणि कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही. वाफ आपोआप उतरू द्या. ही बार्ली पाण्यासकट स्टूत घाला आणि स्टॉक तेवढाच कमी करा. पिठूळ चकत्या आणि घट्ट फोडी मग एकाच वेळी घालून पातेल्यात अर्ध्या तासात काम होतं.

पर्ल बार्लीऐवजी पूर्ण कोंड्याचे जव मिळाले तर ते रात्रभर भिजवावे लागतात, आणि तरी तासाच्या पुढे शिजतात. शिवाय रश्श्यात स्टार्च कमी सोडतात, म्हणून पिठूळ बटाटा शंभर ग्रॅमने वाढवा. ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांनी बार्ली, स्टाउट, मार्माइट आणि साधा सोया सॉस चारही टाळायचे. त्या ठिकाणी ८० ग्रॅम अख्खा मसूर घाला, ग्लुटेन नसलेला सोया सॉस घ्या आणि पिठूळ बटाट्याचं प्रमाण वाढवा. मशरूम न खाणाऱ्या घरातही हाच मसूर बार्लीच्या जोडीला ६० ग्रॅम घातला तर चवीतला बराचसा खड्डा भरतो.

शाकाहारासाठी बाटल्या आणि पाकिटं तपासा

वुस्टर सॉसमध्ये मूळ कृतीप्रमाणे अँचोव्ही मासे असतात. भारतातल्या बाटलीवर हिरवं चिन्ह आहे का ते बघा, परदेशात ‘शाकाहारी’ असं लिहिलेलीच घ्या. स्टॉकचे क्यूब आणि तयार ग्रेव्हीची पावडर यांतही मांसाचा अर्क असू शकतो. काही बिअर माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेल्या आयसिंग्लासने निवळतात. डब्लिनमध्ये १७५९ पासून बनणाऱ्या गिनेसमध्येही ते वापरत असत, ते बंद करण्याची घोषणा कंपनीने २०१५ मध्ये केली आणि नंतर ते बंदही झालं. दुसऱ्या ब्रँडचा स्टाउट घेत असाल तर लेबल वाचा.

बिघडलं तर

बटाटा तासाभरानेही शिजत नसेल तर आंबट आधी पडलं आहे, किंवा पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. अशा ठिकाणी स्टॉकसाठी फिल्टरचं पाणी वापरा. सोडा घालून सुटका करू नका, फोडी बाहेरून गळतात आणि चव साबणासारखी होते.

स्टू फार गोड झाला असेल तर लाल गाजर, शीतगृहातला बटाटा किंवा जास्त लाल केलेला कांदा यांपैकी काहीतरी कारण आहे. मिरी आणि आणखी थोडं व्हिनेगर घाला, मीठ वाढवू नका. खारट झाला तर एक कच्चा बटाटा टाकून मीठ शोषून घ्यायचं हा समज खरा नाही, तो फक्त आपल्या वाट्याचा रस्सा पितो. बिनमिठाचा गरम स्टॉक किंवा पाणी घालून प्रमाण वाढवणं हाच मार्ग.

चव सपाट लागत असेल आणि मीठ बरोबर असेल तर मशरूम नीट भाजले गेले नव्हते. आता एक टीस्पून सोया सॉस आणि पाव टीस्पून मार्माइट गरम पाण्यात विरघळवून घाला. पुढच्या वेळी भांडं जास्त तापवा.

दुसऱ्या दिवशी स्टू खिचडीसारखा घट्ट झालेला असतो, कारण बार्ली रात्रभर रस्सा पीत राहते. दीडशे ते दोनशे मिली गरम पाणी किंवा स्टॉक घालून मंद आचेवर गरम करा आणि मीठ पुन्हा चाखा. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगला राहतो. फ्रीझरमध्ये घट्ट बटाट्याच्या फोडी स्पंजसारख्या होतात, म्हणून गोठवायचा असेल तर त्या काढून ठेवा आणि नंतर ताज्या उकडून घाला.

सोबत सोडा ब्रेड

आयर्लंडचा गहू मऊ, कमी प्रथिनांचा, यीस्टच्या पावाला फारसा न मानवणारा. म्हणून तिथे एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आणि ताक यांचा पाव घरोघरी रुजला. आपल्या मैद्यात तो छान होतो. २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम कणीक, सपाट एक टीस्पून खाण्याचा सोडा आणि एक टीस्पून मीठ एकत्र चाळा. आपलं ताक या कामाला पातळ पडतं, म्हणून २५० ग्रॅम आंबट दही १२० मिली पाण्यात घुसळून घ्या. पिठात खळगा करून ते ओता आणि हाताची बोटं पसरून पीठ जेमतेम एकत्र येईल इतकंच फिरवा. मळायचं नाही, मळलं की दगड होतो. कणकेने पाणी जास्त प्यायलं तर दोन-तीन चमचे पाणी वाढवा. गोळा चिकटसर, सैल हवा.

पाच सेंटिमीटर उंचीचा गोल करून वर सुरीने खोल फुली मारा, नाहीतर मधला भाग कच्चा राहतो. सोडा दह्याला लागताच काम सुरू करतो, त्यामुळे ओव्हन आधीच २३० अंशांवर तापलेला हवा. पंधरा मिनिटांनी २०० अंशांवर आणून आणखी पंचवीस ते तीस मिनिटं. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. जाळीवर ठेवून वरून सुती फडकं टाका, कवच फार कडक होत नाही. सोडा शीगोशीग घातला तर आतून पिवळट डाग पडतात आणि साबणाची चव येते. चमचा सुरीने सपाट करूनच मोजा.

ओव्हन नसेल तर याच पिठाचे हातावर थापलेले, दोन सेंटिमीटर जाडीचे चार तुकडे जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर, झाकून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं भाजा. उत्तर आयर्लंडमध्ये तव्यावरचे असे तुकडे नेहमी करतात. ते गरम असतानाच मधून चिरून, बटर लावून, स्टूच्या वाडग्याशेजारी ठेवा.